कुठनं कुठं?

पहिल्या पावसाच्या आधीची गोष्ट. सांगलीत शंभर फुटी रोडवरच्या एका गॅरेजात गाडी ऑइल बदलायला लावली होती आणि मी बाहेर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी एक रिटायर्ड सर बसलेले, त्यांची डिझेल गाडी समोरच बॉनेट उघडून उभी. तक्रार साधीच होती. सकाळी सेल्फ जड फिरतोय आणि रात्री हेडलाईट लावून एसी चालू केला की चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, कधी लागतो, कधी आपोआप जातो. गॅरेजमधलं पोरगं आलं, असेल विशीतलं, स्टिअरिंगखाली हात घालून स्कॅनरचा प्लग खोचला, टॅबवर बोट सरकवत गेलं आणि आमचा चहा संपायच्या आत टॅब सरांच्या समोर धरला. बिघाडाचा कोड पी०५६२. सिस्टीम व्होल्टेज लो. "काका, डायनामो गेलाय, बदलावा लागंल." डायनामो म्हणजे इंजिन चालू असताना वीज काढून बॅटरी भरणारा. सरांनी चष्मा वर केला, पडद्याकडं बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "किती होतील?" बास. पोराचं वागणं मला उद्धट वगैरे अजिबात वाटलं नाही, उलट नीट बोलत होतं, नखात ऑइल गेलेले हात होते त्याचे, कामाचं पोरगं. पण सरांनी एकदाही "कशावरून?" असं विचारलं नाही हे माझ्या डोक्यात जे अडकलं ते घरी येईपर्यंत निघालं नाही. बोलता बोलता त्यांनी मला आधीच सांगितलेलं की उभी नोकरी गणित शिकवण्यात गेली.

मला हे एवढं का लागावं? तर आमच्या दुकानात "कशावरून" हा प्रश्न दिवसभर ऐकत मी मोठी झाले.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बॅटरीचं दुकान मिरज रोडला. पत्र्याचं शेड, आत लाकडी रॅकवर ओळीनं बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, एकीची वायर दुसरीला, दुसरीची तिसरीला, आणि झाकणं उघडी ठेवलेली म्हणून आतनं बारीक बुडबुड्यांचा आवाज सतत यायचा. तो वास मला अजून डोळे मिटून ओळखता येईल, घशाच्या मागं जाऊन बसणारा आंबूस तिखट वास. रॅकजवळ कुणी बिडी काढली की अण्णा लांबनंच ओरडायचे, कारण त्या बुडबुड्यातनं हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीत बॅटरीचं झाकण छपराला जाऊन लागतं. आमच्या घरात अण्णांचे शर्ट वेगळे धुतले जायचे. ॲसिडचा शिंतोडा उडला तेव्हा काही दिसायचं नाही, धुवून वाळत घातलं की चाळणी झालेली असायची. आई ठिगळं लावून लावून कंटाळली आणि शेवटी टेरिकॉटचे शर्ट घ्यायला लागली. लहानपणी मी जुन्या काळ्या रबरी पेटीच्या बॅटऱ्या पण बघितल्यात, वरनं डांबर ओतून सील केलेल्या, सेल, म्हणजे बॅटरीचे आतले कप्पे, जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वरच उघड्या. अण्णा स्टोव्हवर ते डांबर वितळवून काढायचे, मेलेल्या सेलच्या प्लेटी उपसून नव्या बसवायचे. आता हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

गळीत हंगामाच्या तोंडावर, दिवाळीच्या आगंमागं, दुकानाबाहेर ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांची रांग लागायची. वाळवा, पलूस, तासगाव कडनं माणसं यायची, उसाची वाहतूक सुरू व्हायची असायची आणि कुणालाच नवी बॅटरी घ्यायची नसायची. अण्णा म्हणायचे सेल गेलाय, समोरचा म्हणायचा कशावरून? मग अण्णा ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा, मोजायचा हायड्रोमीटर काढायचे, काचेची नळी, वर रबरी फुगा, आत छोटा तरंगता काटा. एकेका सेलमधलं ॲसिड ओढायचं आणि नळी शेतकऱ्याच्याच हातात द्यायची. बघा तुम्हीच. पाच सेलमध्ये काटा बाराशे पन्नासला, सहाव्यात अकराशेला बुडालेला. त्याला ग्रॅव्हिटी म्हणजे काय ते माहीत असायची गरज नव्हती, पाच सारखे आणि एक वेगळा एवढं कुणालाही दिसतं. तरी कुणी हट्टी असला तर सेल टेस्टर निघायचा, दोन टोकदार पायांचा, मधे जाड पट्टी. सेलच्या दोन्ही बाजूंना पाय दाबले की पट्टी तापायची, हाताला झळ लागायची, आणि चांगल्या सेलचा काटा जागेवर राहायचा आणि मेलेल्याचा धाडकन शून्याकडं यायचा. भांडण तिथं संपायचं. माणूस पैशासाठी कुरकुरायचा ते वेगळं, पण आपल्याला फसवलंय असं वाटून कोण गेला नाही.

मग सीलबंद बॅटऱ्या आल्या. वर झाकणंच नाहीत, हायड्रोमीटर घालायचा कुठं? तो नळीचा डबा वर फळीवर गेला. कोपऱ्यात एक हिरवा डोळा असतो काहींना, पण तो एकाच सेलचं सांगतो, बाकीच्या पाचांचं काय? अण्णांचा भरवसा मल्टिमीटरवर आला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, बाराच्या खाली म्हणजे उतरलीच. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा धरायचा नाही, चार्जिंगची सूज असते, काही तास जाऊ द्यायचे. आणि नुसता १२.६ दिसला म्हणूनही खूश व्हायचं नाही, प्लेटींवर सल्फेटचा थर धरलेली बॅटरी बसल्या जागी १२.५ दाखवते आणि सेल्फ मारला की नऊच्याही खाली कोसळते. साधारण ९.६ ही रेघ. लोड टेस्टमध्ये, म्हणजे मोठा भार टाकल्यावर, पंधरा सेकंद त्याच्या वर टिकली पाहिजे. हे सगळं अण्णा कुठं शिकले तर कुठंच नाही, वापरून वापरून. शिशाची बॅटरी १८५९ साली फ्रान्सच्या प्लांतेनं काढली, आणि आतली भानगड आजही तीच आहे, शिसं, शिशाचं ऑक्साइड आणि गंधकाम्ल. म्हणून अण्णांना ह्या व्यवसायात कधी परकं वाटलं नाही.

परकं वाटायला लागलं ते गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आल्यावर. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, शोरूमला स्कॅनर लावला, असं असं म्हणाले. अण्णा गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याचा मला त्रास व्हायचा. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, पुण्याच्या कंपनीचं काम घरनं करते, म्हटलं हे एवढं अवघड नाहीये. एक ब्लूटूथचा डोंगल मागवला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर आणणारा, ईएलएम ३२७ चिपवाला, काड्यापेटीएवढा. आपल्याकडं एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-टू, म्हणजे कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायची सगळ्यांना एकच पद्धत, आलं, अमेरिकेत ते १९९६ पासूनच होतं, त्यामुळं स्टिअरिंगखालचं ते सोळा पिनांचं सॉकेट आता बहुतेक सगळ्या गाड्यांना सारखंच. रविवारी दुपारी आमच्याच गाडीला लावला, मोबाईलवर ॲप उघडलं आणि अण्णांना शेजारच्या सीटवर बसवलं. इंजिन चालू. पडद्यावर दोन वेगवेगळे व्होल्टेज दिसत होते, एक १४.१ आणि एक १३.८. अण्णांनी डोळे बारीक केले.

"ह्यो आकडा कुठनं कुठं मोजलाय?"

मला वाटलेलं ते विचारतील हे खरं का खोटं, किंवा ह्यातलं कुठलं धरायचं. हा प्रश्न मला अपेक्षितच नव्हता आणि ह्याच्याइतका बरोबर प्रश्न आजवर कुणी मला विचारला नव्हता. कारण व्होल्टेज एका जागेचा नसतोच. तो कायम दोन जागांमधला असतो, मीटरला म्हणून तर दोन वायरी. मग मी सांगितलं, हा पहिला आकडा ह्या डोंगलनं स्वतः मोजलाय, सॉकेटच्या सोळा नंबर पिनला बॅटरीचा प्लस थेट येतो आणि चार नंबरला बॉडीचं अर्थिंग, त्या दोघांमधला. आणि हा दुसरा, कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज, तो इंजिनच्या कॉम्प्युटरनं त्याच्या स्वतःच्या प्लस आणि स्वतःच्या अर्थिंगमध्ये मोजून आपल्याला कळवलाय. अण्णांनी लगेच खाली उतरून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावला. १४.१. म्हणाले, "मग मधलं तीन कुठं गेलं?" पॉइंट तीन. थोडं वायरीत, थोडं रिलेत, फ्यूजमध्ये जातं, असं मी म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी विसरणार नाही. दुकानात नवा मीटर आणल्यावर माणूस असतो तसे झालेले. त्यांना कळलं होतं की आजवर ज्या ठिकाणी आपला मीटर पोचू शकत नव्हता, तिथं आतमध्ये बसून कुणीतरी आपल्याला आकडा वाचून दाखवतंय. लोकांना वाटतं जुने मिस्त्री स्कॅनरला घाबरतात. अण्णांनी त्या दिवसापासनं डोंगल खिशातच घातला, दुकानाच्या किल्ल्यांबरोबर.

तर ते सर. गॅरेजात डायनामो बदलला, जुना एक्स्चेंजमध्ये दिला, कोड उडवला, दिवा गेला. पावसाळा अर्धा झाला आणि दिवा परत आला, सेल्फ तर आधीपेक्षा जड. मग कुणीतरी त्यांना सांगितलं बॅटरीच असणार, आणि नव्या बॅटरीचा भाव विचारायला ते आमच्या दुकानात आले. मी त्यांना ओळखलं, त्यांनीही मला. अण्णा म्हणाले, "सर, बॅटरी मी विकतो, पण आधी गाडी रात्रभर इथं ठेवा."

सकाळी मी पण गेले. पाऊस नुकताच थांबलेला, शेडच्या पत्र्यावरनं थेंब पडत होते, सर छत्री मिटून खुर्चीवर बसलेले. बॅटरी १२.३, म्हणजे निम्म्याहून थोडी वर भरलेली. अण्णांनी मीटर बॅटरीच्या टोकांनाच धरून ठेवला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ अक्षरशः रडत फिरला, घर्र घर्र करत, आणि गाडी कशीबशी चालू झाली. पण मीटरचा आकडा? अकराच्या खाली गेला नाही. अण्णा माझ्याकडं बघून हसले. सरांना म्हणाले, "बघा, बॅटरी दमलेली असती तर आकडा खाली आला असता. ही तर दमली नाही. आणि सेल्फ मात्र उपाशी." म्हणजे बॅटरीत जोर आहे पण सेल्फपर्यंत पोचत नाहीये, मधे कुणीतरी अडवतंय. इथंच नव्या बॅटरीचा सौदा अण्णांनी स्वतःच्या हातानं मोडला.

मग डोंगल लावला. कॉम्प्युटर म्हणतोय १३.६. हेडलाईट, एसी, मागच्या काचेचा हीटर, ब्लोअर, सगळं चालू केलं तसा आकडा घसरत घसरत १२.३ ला आला. एवढंच बघितलं तर कुणीही म्हणेल डायनामो गेला, लोड घेत नाहीये, आणि त्या पोरानं पण हेच बघितलं असणार. अण्णांनी मीटरची एक वायर डायनामोच्या बोल्टवर आणि दुसरी डायनामोच्याच अंगावर ठेवली. १४.३. लोड बंद केला, १४.३. लोड चालू, १४.३. डायनामो जागचा हलला नाही. बॅटरीच्या टोकांवर त्याच वेळी १२.४. सर आता खुर्चीवरनं उठून बॉनेटपाशी आले होते. "म्हणजे वाटेत एक पॉइंट नऊ जातंय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज वेगळाच होता, वर्गातला असावा तसा. वाटा दोनच, जायची आणि यायची. जायची वाट, डायनामोच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, मीटरनं ०.१ दाखवला, म्हणजे काही नाही. यायची वाट, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या अंगापर्यंत, जिथं खरं तर शून्याच्या जवळपास, फार तर ०.२ यायला पाहिजे, तिथं १.८. सरांनी पुटपुटत बेरीज केली, बरोबर जुळली. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की त्यांना "कशावरून" विचारायची वेळच आली नाही, सगळं त्यांच्या डोळ्यासमोरच चाललेलं.

गाडी जॅकवर घेतली. इंजिनपासून चासीला येणारी अर्थिंगची पट्टी, विणलेली तांब्याची, वर काळी नळी. बाहेरनं एकदम व्यवस्थित. अण्णांनी बोल्ट सोडवला, नळी कापली आणि आतनं हिरवी पूड गळाली. तांबं खाल्लेलं, काही तारा अजून धरून होत्या, बाकीचं सगळं हातात चुरा. अण्णांनी बोटानं ती पूड चोळून बघितली आणि विचारलं, "सर, गाडी पुरात होती का?"

होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, मारुती चौकाच्या अंगाला, घराच्या पार्किंगमध्ये. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, ४५ ला धोक्याची पातळी असते तिथं. गाडी वरच्या भागात न्यायला वेळच मिळाला नाही, ते आणि त्यांच्या मिसेस बोटीतनं बाहेर आले. नंतर विम्यातनं काम झालं, सीटा, गालिचे, काही वायरिंग, आतला कॉम्प्युटर पण बदलला, वास जायला मात्र वर्ष लागलं म्हणाले. ही पट्टी कुणाच्या लक्षातच आली नसणार. पाणी उतरलं, चिखल धुतला, आणि नळीच्या आत राहिलेली ओल इतकी वर्षं गुपचूप तांबं खात बसली. इंजिन गचका देईल तशी एखादी तार कमी व्हायची, म्हणून तर दिवा कधी यायचा कधी जायचा. सांगलीत अशा किती गाड्या फिरत असतील कुणास ठाऊक. पुराच्या खुणा आम्ही भिंतीवर रंगानं काढून ठेवतो, अमुक साली इथपर्यंत. आणि हा असा पूर वायरींच्या आत अजून चढलेलाच.

नवी पट्टी टाकली, जागा घासून चकचकीत केली, बोल्ट आवळून वरनं पेट्रोलियम जेली. पूर्ण लोडवर यायच्या वाटेत ०.०५. कॉम्प्युटर म्हणाला १४.१. सेल्फ एका झटक्यात.

सर खूश झाले पण मधेच गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे माझा जुना डायनामो चांगला होता." अण्णा काही बोलले नाहीत. जुना कधीच दुसऱ्या कुणाच्या गाडीत गेला असणार, तो मोजायला आता कुणाला मिळणार नाही. मला त्या गॅरेजचा राग यायला लागला होता, मी तसं बोलले पण. अण्णांनी मलाच थांबवलं. "पोरानं जे दिसलं ते सांगितलं. पडद्यावर होतंच ना लो व्होल्टेज. त्याला मीटर कुठं ठेवायचा ते कुणी दाखवलं नाही, त्यात त्याचं काय."

मला हे पटतं आणि पटत नाहीही. सांगलीत पावसाळ्यात सगळे जण मोबाईलवर एकच आकडा बघतात, आयर्विनची पातळी किती. तो आकडा खोटा नसतो. पण ते पाणी कोयनेतनं सोडलेलं आहे, का मधल्या ओढ्यानाल्यांचं, का पुढं हरिपुराला वारणेनं अडवून धरल्यामुळं तुंबलेलं, हे पुलावरचा आकडा सांगत नाही. पी०५६२ तसाच आहे. तो इंजिनचा कॉम्प्युटर म्हणतोय की माझ्या दारात व्होल्टेज कमी येतोय, एवढंच. का कमी, हे त्याला बसल्या जागेवरनं दिसतच नाही. पी०५६३ आला तर जास्त येतोय, तिथं डायनामोचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बघायचा. पी०६२० ते पी०६२२ आले तर मात्र डायनामोला हुकूम देणाऱ्या वायरींचा विषय, तिथं आधी डायनामोचं सॉकेट काढून बघायचं. आणि बॅटरी अगदीच उतरली असेल तर एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग सगळ्यांचे कोड एकदम येतात, यू नं सुरू होणारे, अमक्याचा तमक्याशी संपर्क तुटला म्हणून. पडदा भरून जातो आणि गिऱ्हाईकाच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी काहीच करायचं नाही, बॅटरी पूर्ण चार्ज करायची, सगळे कोड उडवायचे, गाडी फिरवून आणायची आणि मग जे परत येतील तेवढ्यांशीच बोलायचं. बहुतेक वेळा कुणीच परत येत नाही.

उलटंही होतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत डायनामोनं कधी किती द्यायचं ते कॉम्प्युटरच ठरवतो, चढाला इंजिनवरचा भार कमी करायला व्होल्टेज खाली आणतो, उताराला किंवा ब्रेक लावताना वाढवतो. अशा गाडीत पडद्यावर १२.८ दिसला म्हणून डायनामो काढायला घेतला तर तो चांगला डायनामो. अण्णांनी हे ऐकल्यावर गाडी बायपासला नेऊन मला चालवायला लावली आणि स्वतः मोबाईल धरून बसले, ॲक्सिलेटर सोडला की आकडा वर जातो हे बघून लहान पोरासारखे "गेला, गेला वर" करत. ज्यांच्या बॅटरीच्या मायनसला करंट मोजायचा सेन्सर असतो त्या गाड्यांना जंपर लावताना मायनसचा चिमटा बॅटरीच्या टोकाला नाही, बॉडीला लावायचा, नाहीतर त्या सेन्सरला कळतच नाही की बॅटरीत बाहेरनं काही गेलंय. हे अण्णांनी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलंय.

आणि काही गोष्टी अजून पडद्याला दिसत नाहीत, निदान आमच्या डोंगलला नाही. डायनामोच्या आत एसीच, म्हणजे घरातल्यासारखा उलटसुलट वाहणारा करंट, तयार होतो, डायोड प्लेट त्याचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा, करते. त्यातला एक डायोड गेला तरी पडद्यावरचा आकडा बरा दिसू शकतो, पण बॅटरीला नीट भरू देत नाही, आणि गळका असेल तर रात्री त्याच वाटेनं बॅटरी उतरते. मीटर एसीवर करून बॅटरीच्या टोकांना लावला आणि इंजिन चालू असताना अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं की समजायचं. अण्णांची ह्यावरची पद्धत त्याहून जुनी आहे. थंडीत पहाटे, गाडी चालू करायच्या आधी, बॉनेट उघडून डायनामोवर हात ठेवायचा. बाकी इंजिन गार दगड आणि डायनामो कोमट लागला, की डायोड रात्रभर करंट पितोय. हा हात मी पण ठेवून बघितलाय एका गाडीत. ते कोमटपण हाताला लागलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

सगळंच जुनं जपायचं असं मात्र नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल उपटून बघायचा, गाडी बंद पडली तर डायनामो गेला, ही जुन्या ॲम्बॅसिडर-पद्मिनीच्या काळातली पद्धत अजून कुठं कुठं चालते. आताच्या गाडीत हे करायचं नाही, अजिबात नाही. भरणारी बॅटरी अचानक काढली की डायनामोतनं क्षणभर ऐंशी-शंभर व्होल्टपर्यंत उसळी येऊ शकते आणि समोर कॉम्प्युटर बसलेला असतो. अण्णा कुणी असं करताना दिसलं की हात धरून थांबवतात, ओळखीचं असो नसो.

मला एक गोष्ट मनापासून वाटते आणि ती मी भेटेल त्या गॅरेजवाल्याला सांगते. बिलावर आकडे लिहा. रात्रभर थांबल्यावर बॅटरी किती, सेल्फ मारताना किती, लोडवर डायनामोच्या अंगावर किती, जायच्या वाटेत किती पडला, यायच्या वाटेत किती. पाच आकडे, दहा मिनिटांचं काम, आणि साधा मीटर कुणाकडं नसतो? स्कॅनरचा कोड पण लिहा, तो तर पाहिजेच. गिऱ्हाईकाला सगळं कळेल असं नाही, पण त्या शेतकऱ्याला तरी ग्रॅव्हिटी कुठं कळत होती. त्याला पाच सारखे आणि एक वेगळा दिसत होता. त्या सरांना पडद्यावर इंग्रजीतलं एक वाक्य दिसलं, आणि गणिताचा मास्तर असून बेरीज करायला आकडेच नव्हते समोर. मिळाले तेव्हा त्यांनी केली की लगेच.

आता आमच्यापुढं वेगळंच काम येऊन पडलंय. कुपवाडकडच्या एका गिऱ्हाईकाची इलेक्ट्रिक गाडी टोइंगवर आली. मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली, मोबाईलवर त्यानं आदल्या दिवशी बघितलेलं, आणि गाडी मेलेली. दार पण रिमोटनं उघडेना, आतली साधी किल्ली काढून उघडलं. अण्णांनी बॉनेटखाली डोकं घातलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पहिलाच प्रश्न, "ह्याला डायनामो कुठाय?" नसतो. पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, आपली नेहमीची, कॉम्प्युटर आणि कुलपं आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे काँटॅक्टर तिच्यावरच चालतात, ती उतरली की मोठी भरलेली असून उपयोग नाही. डायनामोच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर, मोठ्या बॅटरीतनं घेऊन हिला भरणारा. मोठ्या बॅटरीच्या केशरी वायरींना हात लावायचा नाही एवढं मी आधी बजावलं. छोटी बॅटरी आठच्या आसपास आलेली होती. अण्णांनी ती रॅकवर लावली, संध्याकाळी परत बसवली, गाडी जागी झाली आणि चालू असताना टोकांवर १४.२ आले, म्हणजे कन्व्हर्टर भरतोय. मग उतरली कशी? त्या माणसानं बाहेरनं डॅशकॅम बसवून घेतलाय, आणि ओबीडीच्या सॉकेटमध्ये कुठल्यातरी कंपनीचा ट्रॅकर कायमचा खोचलेला आहे, तो सोळा नंबर पिनवरनं दिवसरात्र पित असणार. अण्णांचा संशय ट्रॅकरवर, माझा डॅशकॅमवर. पुढच्या आठवड्यात तो गाडी सोडून जातोय. दार उघडंच ठेवून कुलपाची कळ स्क्रू ड्रायव्हरनं दाबून ठेवायची, गाडीला वाटलं पाहिजे दार बंद आहे, सगळे कॉम्प्युटर झोपेपर्यंत तासभर तरी थांबायचं आणि मग मायनसमध्ये मीटर लावून, बंद गाडी किती करंट पितेय ते बघायचं. पन्नास मिलिअँपच्या आत असेल तर आमचे दोघांचेही संशय चुकीचे.